मागच्या भिंतीवरचा सुरकुतलेला प्राणी

१ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प. एक, पहाटे उठणे. दोन, साखर बंद. तीन, निवृत्तीआधी जगाला काहीतरी देऊन जाणे.

पहिला आजच मोडला. उठलो तेव्हा ही ऑफिसला पोचलीसुद्धा होती. (ही म्हणजे बायको. पाणीखात्यात चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकते आणि घरी येऊन माझं ऐकते.) दुसरा संकल्प पहिल्या चहाबरोबर गेला. तेव्हा सगळी ताकद तिसऱ्यावर लावायची ठरवली. एकाच वेळी तीन आघाड्यांवर लढू नये.

मे अखेरीला निवृत्त होतोय. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली. त्यातली अर्धी फळ्यावर बेडूकमासा काढण्यात. अंड्यातून बेडूकमासा, बेडूकमाशाचा बेडूक, पिल्लू आईबापासारखं दिसेलच असं नाही, समजलं का. कुणाला समजत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. नावावर एक शोधनिबंध नाही. वेळच मिळाला नाही.

१७ जानेवारी

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत मागच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलो. दम लागला नव्हता, विचार करत होतो. बाहीला राखाडी पापुद्रे चिकटले. शैवाक. लोक दगडफूल म्हणतात, ही म्हणते बुरशी. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार म्हणजे शैवाक, एक घर देतं, दुसरं जेवण करतं, हे मी तिला लग्नानंतर लगेचच समजावून दिलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं की त्या दोघांत झाडू कोण मारतं.

पापुद्रा घरी आणून भिंगाखाली धरला. आत काहीतरी चाललं. म्हणजे पायांनी चाललं. खसखशीचा दाणा त्याच्यापुढे भोपळा. माइट. कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा. ऊन लागलं की पापुद्र्याखाली शिरतो, थंडी पडली की पापुद्र्याखाली शिरतो. तिथेच खातो, तिथेच झोपतो. मला हा प्राणी पहिल्यापासूनच समजूतदार वाटला.

फेऱ्या उद्यापासून.

२३ जानेवारी

फेऱ्या झाल्या नाहीत. संशोधन सुरू झालंय.

उपकरण स्वतः बनवलं. प्लास्टिकची बाटली अर्धी कापून उलटी ठेवली, तोंडाशी चहाची गाळणी, गाळणीत शैवाक, वर टेबल लॅम्प. दिव्याची धग लागली की माइट खाली खाली पळतात आणि थेट स्पिरिटच्या बाटलीत पडतात. साधी युक्ती, मोठ्या प्रयोगशाळांतही असंच करतात. त्यांच्याकडे गाळणी वेगळी असते इतकंच.

हिने गाळणी कुठे म्हणून विचारलं. म्हटलं विज्ञानाला दिली. म्हणाली मग विज्ञानाला म्हणावं चहा कर. आजचा चहा फडक्यातून गाळला. फडक्याचा वास येत होता, पण मी बोललो नाही. त्याग करायचा तर दोघांनी करावा.

५ फेब्रुवारी

सापडला.

आज कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं. गाळणीतून दोन प्रकारचे माइट पडलेत. एक काळे, गोल, तुळतुळीत, मोहरीला पॉलिश केल्यासारखे. हे ढिगाने. दुसरा फिकट, मऊ, सगळ्या अंगावर सुरकुत्या. किती सुरकुत्या! मी बराच वेळ बघत राहिलो. काय अनुभवी चेहरा. (चेहरा नाही, तसा पुढचा भाग.) असं वाटलं की या जीवाने आयुष्यात बरंच सोसलंय आणि कुणी दखल घेतलेली नाही.

लायब्ररीतलं माइटांवरचं एकुलतं एक पुस्तक काढलं. काळे त्यात आहेत, पहिल्याच धड्यात, जिथे तिथे सापडतात म्हणून लिहिलंय. सुरकुतलेला कुठेच नाही. मधली काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, पण तो तिथे असता तर अनुक्रमणिकेत दिसला असता. अनुक्रमणिकाही खाल्ली आहे. तरी मला खात्री आहे. माणसाला आतून कळतं.

विज्ञानाला माहीत नसलेली नवी जात. माझ्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर. काळे बेसिनमध्ये ओतून टाकले. कचरा.

११ फेब्रुवारी

हिला सांगितलं. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो आणि मी तुझं नाव देणार, असं म्हटलं. मटार सोलत होती. विचारलं, केवढा आहे. सांगितलं. म्हणाली, तीस वर्षांत काही मागितलं नाही, आणि आता मिळतंय काय, तर ऊ. म्हटलं ऊ नव्हे, उवेला सहा पाय. म्हणाली, बाजारात तुरी. पुढची म्हण तिने पूर्ण केली नाही, मला येते.

गाढवाला गुळाची चव काय, असं मनात आलं. बोललो नाही. घरात शांतता हवी.

थोड्या वेळाने आतून विचारलं की नाव नुसतं असतं की आडनावासकट. माहितीसाठी विचारलं असावं.

२६ फेब्रुवारी

संकट. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात नोटीस लावली आहे. सगळी कंपाउंड भिंत घासून तिला क्रीम रंग देणार. क्रीम!

लगेच त्याच्या दारात गेलो. शैवाक म्हणजे काय, माइट म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. ऐकताना तो दात कोरत होता. शेवटी म्हणाला, सर, भिंत घाण दिसते. आता काय करणार? मला दुसरा मार्ग राहिला नाही. म्हटलं, जी सोसायटी एवढी मोठी गोष्ट जपेल तिच्या सेक्रेटरीचं नाव त्या प्राण्याला देण्याची पद्धत आहे.

दात कोरायचा थांबला. म्हणाला, कायमचं? म्हटलं, कायमचं. जगभर? जगभर. माझ्यादेखत नोटीस काढली आणि खिशात घातली.

हिला सांगायची गरज नाही. नाव शेवटी कुणाचं द्यायचं हे माझ्याच हातात आहे. ही झाली डावपेचाची गोष्ट.

८ मार्च

प्राचार्यांना भेटलो. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असते, परीक्षा जवळ आल्या की मिळत नाही. त्यांना महत्त्व पटवून दिलं. ते म्हणाले, निवृत्तीच्या उंबरठ्यावर कशाला दगदग करता. हे वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं की मला राग आला. रागाच्या भरात म्हणालो की मी तर त्याला तुमचंच नाव द्यायचं मनात ठरवलंय.

प्राचार्य खिडकीकडे बघू लागले. म्हणाले, छे छे, आपण कशाला. असं दोनदा म्हणाले आणि दुसऱ्यांदा म्हणताना ड्रॉवर उघडला.

किल्ली मिळाली. माणसांना हाताळण्याची कला माझ्यात आहे, ती या कॉलेजने कधी वापरली नाही.

२० मार्च

नमुने आज रवाना. माइटांची एक तज्ज्ञ दुसऱ्या शहरात असते. चौकशी केली तर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. नाव ऐकून चेहरा आठवला, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी. या मुलीचं पुढे काही होणार नाही असं मी तेव्हाच म्हटलं होतं. असो, अपवाद असतात.

रंगवायच्या बारीक ब्रशने एकेक सुरकुतलेला वेचून कुपीत भरला. होते नव्हते तेवढे सगळे दिले. कंजूषपणा नको. एकही काळा चुकून जाऊ दिला नाही. दोन दिवस हेच केलं, मान अवघडली आहे. काळे परत बेसिनमध्ये. किती ते, संपता संपत नाहीत.

सोबत टिपण जोडलं. नावाची जागा रिकामी ठेवली आहे.

६ एप्रिल

उत्तर नाही. मोठ्या गोष्टींना वेळ लागतो.

ही आज सहज म्हणाली की एकदा तो प्राणी बघायला कॉलेजात यायचं का. म्हटलं, सगळे नमुने पाठवलेत, पुन्हा खरवडावं लागेल, मग मायक्रोस्कोप लावा, किल्ली आणा. फोटो आले की दाखवतो. बरं म्हणाली. मग विचारलं, तो चावतो का कुणाला. म्हटलं नाही, बिचारा पापुद्र्याखाली पडून असतो, मिळेल ते खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाली, मग माझं नाव कशाला, तुमचंच शोभेल.

जेवण मात्र मनापासून वाढलं.

२९ एप्रिल

उत्तर नाही. थकवा वाटतो. फेऱ्या बंद आहेत. साखर चालू आहे.

सेक्रेटरी रोज जिन्यात गाठतो आणि माझ्या नावाचं काय झालं विचारतो. परवा भाजीवाल्यासमोर विचारलं. प्राचार्य सरळ विचारत नाहीत, कॉरिडॉरमध्ये भेटले की नुसत्या भुवया वर करतात. दोघांसमोरही हसून मान हलवतो. मान अजून अवघडलेलीच आहे.

हिने नवी गाळणी आणली. जुनी धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवली होती. म्हणाली, ही तुमच्या त्या कामाला राहू दे.

मी जरा वेळ गाळणीकडे बघत बसलो. का ते कळलं नाही.

१२ मे

दुपारी तज्ज्ञ बाईंचा फोन आला.

सर, सगळी पिल्लं आहेत म्हणाल्या. म्हटलं कुणाची? त्यांनी विचारलं, याच शैवाकात काळे तुळतुळीत माइट होते का? म्हटलं, होते थोडेफार. म्हणाल्या, ते यांचे आईबाप. ही जात फार पूर्वीपासून माहीत आहे, कुठल्याही भिंतीवर मिळते. मोठी झाली की सुरकुत्या जातात, अंग काळं, टणक होतं. खात्री करायला थोडे काळे पाठवता का? म्हटलं ठेवले नाहीत. मग त्यांनी फार नीट सांगितलं की वाईट वाटून घेऊ नका, पिल्लांना वेगळी जात समजण्याची चूक भल्याभल्यांची झाली आहे.

आणि मग हसल्या. सर, तुम्हीच आम्हाला बेडूकमासा शिकवला होता, म्हणाल्या. मला कळलेला तुमचा तेवढा एकच तास.

फोन ठेवताना माझ्या तब्येतीची चौकशी केली. ते सगळ्यात जास्त लागलं.

सुरकुतलेली ती पोरं आणि तुळतुळीत ते म्हातारे. निसर्गानेही एवढं उलटं करायला नको होतं. ज्यांना शोधत होतो त्यांच्या आईबापांना मी रोज बेसिनमध्ये ओतत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१३ मे

शांतपणे विचार केला. एका फोनवर निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. लेखी काही आलेलं नाही. शिवाय बाईंचं मागच्या बाकावरचं लक्ष मला ठाऊक आहे.

तरी तूर्त कुणाला काही सांगत नाही. निरोप समारंभ तीस तारखेला आहे. तोवर विषय निघणार नाही. नंतर योग्य वेळ बघून एकेकाला सांगेन. हिला सगळ्यात आधी.

२४ मे

हिला सांगायचं होतं. डोकं दुखतंय म्हणाली. राहिलं.

२८ मे

हिला सांगायचं होतं. आज ठेवणीतले कपडे इस्त्री करत होती. समारंभाला ऑफिसातल्या दोघी यायचं म्हणतायत, चालेल ना, असं विचारलं. म्हटलं त्यांना कशाला उगीच त्रास. म्हणाली, त्याच मागे लागल्यात. इस्त्री गरम होती, विषय काढला नाही.

३० मे

लिहावंसं वाटत नाही, पण शिस्त म्हणून.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. ही पहिल्या रांगेत, शेजारी ऑफिसातल्या त्या दोघी. तिसऱ्या रांगेत सेक्रेटरी, कोट घालून. त्याला कुणी बोलावलं कळलं नाही. मीच कधीतरी बोलावलं असणार.

प्राचार्यांचं भाषण. माझी तीस वर्षं त्यांनी दोन मिनिटांत संपवली. मग म्हणाले, सरांनी अलीकडेच एका अज्ञात जीवाचा शोध लावला आहे. एवढं ऐकल्याबरोबर हिच्या शेजारच्या दोघींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकीने हिला कोपराने ढोसलं. ही खाली बघून हसत होती. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

तोवर प्राचार्य पुढे गेले. मी कितीही नको म्हटलं तरी सरांनी त्या जीवाला माझंच नाव द्यायचा हट्ट धरला, म्हणून अत्यंत संकोचाने ते स्वीकारतो आहे, असं म्हणाले. दोघींच्या टाळ्या थांबल्या. एकीचे हात तसेच वर राहिले. तिसऱ्या रांगेतून सेक्रेटरी उठला आणि शेजारच्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की भिंत आमची आहे, नाव यांचं कसं. त्याला बसवलं.

हिने मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी उठून आभार मानले. काय बोललो आठवत नाही. बेडूकमाशाचा उल्लेख केला म्हणे.

भेट म्हणून एक मोठं भिंग मिळालं. नक्षीदार मुठीचं.

बसमध्ये ही खिडकीशी बसली. त्या दोघी त्यांच्या वाटेने गेल्या होत्या. हार मांडीवर होता, पाकळ्या पायाशी गळत होत्या. शेवटी तिने एवढंच विचारलं की नक्की कुणाकुणाला दिलं होतं नाव. सगळं सांगितलं. सेक्रेटरी, प्राचार्य, फोन, पिल्लं, काळे, बेसिन. मी तिला एका दमात इतकं कधी सांगितलं नसेल. मधे एक स्टॉप पुढे गेलो.

ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे कुणाचंच नाही? म्हटलं, कुणाचंच नाही. म्हणाली, बरं झालं, निदान सेक्रेटरीचं तरी नाही.

मला वाटलं की प्रकरण मिटलं.

४ जून

निवृत्त जीवनाचे संकल्प. एक, पहाटे उठणे. सातला उठलो, पण घासण्याच्या आवाजाने. मागे रंगारी आलेत. सेक्रेटरी स्वतः उभा राहून भिंत घासून घेतोय. मला बघून तोंड फिरवलं.

खाली जाऊन म्हटलं की एक कोपरा तरी ठेवा. हिला दाखवायचा होता. आता किल्ली नाही, पण नव्या भिंगाने काळा दिसतो, काळा पुरेसा मोठा आहे. रंगारी म्हणाला, साहेब, सगळं घासायची ऑर्डर आहे. संध्याकाळपर्यंत पूर्ण भिंत क्रीम झाली. पाइपामागेही ब्रश घातला.

ही दमून आली. चपला काढता काढता म्हणाली की आज खिडकीवर त्या दोघींनी नावाचं परत विचारलं. तू काय सांगितलंस, असं मी विचारलं. काही नाही म्हणाली, विषय बदलला. तिने तिथे सगळ्यांना सांगितलं होतं. शिपायापासून साहेबापर्यंत. फेब्रुवारीपासून. मला माहीतच नव्हतं. एकाने तर तिला त्या नावाने हाक मारायला सुरुवात केली होती, नावामागे काहीतरी परदेशी शेपूट लावून.

मी सुचवलं की पुन्हा विचारलं तर सांग, अजून संशोधन चालू आहे, थोडा वेळ लागेल.

ती म्हणाली, तीस वर्षं तुमच्याबद्दल कुणी विचारलं की हेच सांगत आलेय.

मग चहा टाकला. नव्या गाळणीने गाळला. मला विचारलं, साखर किती. म्हटलं, नको. घातली. मी प्यायलो.